पस्तीस आत, अडतीस उभी

“लांबनं बघून निकाल लावू नगंस, श्रुती. आत जाऊन ये,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी मटकी निवडत होते. मान वर न करता “बरं, आत्याबाई” म्हणाले आणि मनात म्हटलं, मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. निरीक्षण कसं करायचं हे मला शिकवायला नको.

ही गोष्ट मार्च १९९९ची. आमची मनाली चौथीत होती आणि तिची शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये तिला कुठंतरी घालायलाच हवं होतं. एक तर लांबचं खाजगी हायस्कूल. तिथं दारातच फळ्यावर स्कॉलरशिपवाल्या मुलांची नावं सोनेरी रंगात लिहिलेली. फॉर्म घरात येऊन पडला होता, शेवटची तारीख १५ एप्रिल. नाहीतर मंगळवार पेठेतली, आमच्याच गल्लीच्या तोंडाची महापालिकेची शाळा. सातवीपर्यंत, कौलारू, भिंतीचा निळा रंग पोपडे धरलेला.

“मी तिथंच शिकलो की. काय बिघडलं माझं?” माझे यजमान प्रसेनजीत म्हणाले. ते पोस्टात आहेत.

“सांगू व्हय तिला, काय बिघडलं त्ये?” सासूबाई आतून ओरडल्या.

ते हसत सायकल काढून गेले. जाताना म्हणाले, “तू ठरव. तू ठरवशील ते.” झालं! मुलीची तीन वर्षं माझ्या एकटीच्या डोक्यावर.

मला भीती कशाची होती ते आधी सांगते. मनाली शांत मुलगी. वर्गात असली काय, नसली काय, आवाज होत नाही. जानेवारीत कांजिण्या येऊन अकरा दिवस घरी होती. शाळेतून कुणी विचारलं नाही. पुढं प्रगतिपुस्तक सहीला आलं, तर जानेवारीची उपस्थिती चोवीसपैकी चोवीस. “आई, मी नव्हते तरी होते,” असं म्हणून ती खुदूखुदू हसली. मी मात्र सहीचं पेन खाली ठेवलं. जी शाळा माझ्या मुलीला नसताना आहे म्हणते, ती तिला असताना तरी बघते का?

म्हणून मी वही केली. शंभर गुणांची. पाणी दहा, संडास दहा, शिक्षक वेळेवर येणं पंधरा, वाचून घेणं वीस, असं करत करत खाली ‘मारणं : प्रत्येक फटक्याला उणे एक’. बसायची जागाही हेरली. शाळेच्या बरोबर समोर फातिमाभाभींचं पिको-फॉलचं दुकान. तिथून पाचवीच्या वर्गाचं दार आणि दोन मोठ्या खिडक्या समोरासमोर दिसतात. भाभींची सुहाना त्याच वर्गात.

“बसा की वहिनी,” भाभी म्हणाल्या. “पन नुसतं बसायचं न्हाय. साड्यांचे दोरे तोडायचे.”

उन्हाळ्याची सकाळची शाळा. मनालीला तिच्या शाळेत सोडायचं आणि साडेसातच्या आत दुकानात. रुळाच्या तुकड्यावर टोल पडला की माझं काम सुरू. आणि काय सांगू, मजा यायला लागली! मोठ्या बाई स्वतः पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून वास घ्यायच्या, मग पोरांना सोडायच्या. नऊ गुण. संडास तिथून दिसत नव्हता म्हणून सुहानाला विचारलं.

“वास येतोय,” ती म्हणाली, “पन दाराला कडी हाय.”

सहा गुण.

पाचवीला जोतीराम गुरुजी. उंच, खणखणीत आवाजाचे. मुलं फळ्याजवळ जाऊन हावभाव करत धडा वाचत होती. एक मुलगा अडखळला तर मागच्या तिघांनी सांगायला तोंड उघडलं. गुरुजींनी त्या तिघांनाच पुढं बोलावलं. फटका एकही नाही. पहिल्या दिवशी बासष्ट झाले. प्रसेनजीतना काही बोलले नाही, पण संध्याकाळी भाकरी करताना मी गुणगुणत होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी मला मोजायची बुद्धी झाली. भाभींच्या डब्यातली बटणं घेतली. पाचवीत एक मूल शिरलं की एक बटण या डब्यातून त्या डब्यात. तेहतीस बटणं झाली. मग हजेरी. गुरुजी नाव घेणार, मूल उभं राहून काहीतरी बोलणार आणि बसणार. मुलांचं बोलणं भाभींच्या मशीनमुळं ऐकू येत नव्हतं, पण उभं राहणं स्पष्ट दिसत होतं. मी तेही मोजलं.

अडतीस!

आत तेहतीस आणि उभी अडतीस? चुकलं असेल म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा. पस्तीस आत, अडतीस उभी. आणि आता मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. लाल रिबिनीची मुलगी दोनदा उठली. खिडकीकडचा एक मुलगा दोनदा उठला.

“भाभी, सापडलं!” मी ओरडलेच. “नसलेल्या पोरांची हजेरी दुसरी पोरं देतायत!”

“असं कसं हुईल?”

“तांदूळ! ऐंशी टक्के हजेरी असली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळतात ना पोरांना? त्यासाठी पटावर सगळी हजर!”

भाभींनी मशीन थांबवलं. “वहिनी, माझी पोरगी त्या वर्गात हाय. ती मला सगळं सांगती.”

“हे कशाला सांगेल?”

“मग आत जाऊन इचारा की. हितं बसून माझी बटणं कशाला घासताय?”

जाणारच होते. वहीत अडुसष्टवर आले होते, त्यावर आडवी रेघ मारली आणि शून्य लिहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पकडल्याचा आनंद त्याहून मोठा होता. कांजिण्यांचे अकरा दिवस माझ्या अंगात आले होते.

चौथ्या दिवशी पस्तीस बटणं मोजली आणि हजेरी सुरू होताच रस्ता ओलांडला. पाचवीच्या दारात जाऊन उभी राहिले. आवाज मोठाच निघाला.

“थांबा गुरुजी! ही खोटी हजेरी आहे.”

अडतीस नव्हे, पस्तीस माना वळल्या. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

“या. तुमी फातिमाच्या दुकानात बसता त्याच न्हवं?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“आमालाबी डोळे हैत की. मोठ्या बाई काल म्हनत हुत्या, त्या माउलीला एक च्या पाठवून द्या.” वर्ग खिदळला. “बोला. काय खोटं हाय?”

मी वही उघडून दाखवली. परवा तेहतीस, काल पस्तीस, आज पस्तीस. आणि उभी अडतीस, रोज. गुरुजींनी टेबलावरचा हजेरीपट उलटा फिरवून माझ्यापुढं सरकवला.

“वाचा.”

मी बोट लावून वाचलं. परवा हजर तेहतीस, गैरहजर पाच. काल हजर पस्तीस, गैरहजर तीन. माझ्या वहीत आणि त्यांच्या पटात एका मुलाचासुद्धा फरक नव्हता. मी दोनदा मोजलं.

“मग अडतीस उभी कशी राहतात?”

“बसा खाली. आनि ऐका.” त्यांनी पेन उचललं. “केरबा?”

“हजर, गुरुजी!”

“रिजवान?”

खिडकीकडचा तो केरबाच पुन्हा उठला. “रिजवान आला न्हाय, गुरुजी. आज्याच्या डोळ्याचं आपरेशन हाय. त्यो दवाखान्यात बसलाय. उद्या येतोय.”

“काल काय शिकलो ते सांगितलंस त्याला?”

“व्हय. दवाखान्यात जाऊन सांगितलं. आज्यानंबी ऐकलं.”

गुरुजींनी लाल शाईनं गैरहजर लिहिलं. पुढं पिराजी. त्याच्या शेजारचा उठला : “म्हस व्यालीया, गुरुजी. रेडी झालीया. खरवस आनणार हाय.”

वर्गात टाळ्या!

मी मागच्या बाकावर पोरांत बसले होते, गुडघे बाकाला टेकलेले, आणि माझे कान तापले होते. जो आला नाही, त्याच्या नावाला त्याच्या बाकावरचा उठतो. का आला नाही, ते त्यानं सांगायचं. इतकंच. रस्त्यापलीकडून मला फक्त उठणं दिसलं होतं.

“राजाक्का?”

लाल रिबिनीची मुलगी उठली. ती सुहानाच होती. चार दिवस त्या पोरीशी गप्पा मारल्या, पण खिडकीतून पाठमोरी ओळखली नव्हती, निरीक्षणवालीनं!

“ठाऊक न्हाय, गुरुजी.”

“कालबी ठाऊक न्हवतं. आज दुसरा दिस.” गुरुजींनी पेनचं टोपण लावलं. “मग तुझीबी हजेरी अडली बघ.”

“मी आत्ता जाऊन येतो, गुरुजी! पळत!”

“एकटी न्हाय.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “ह्यांना घेऊन जा. त्यांना मोजायची हौस हाय.”

आम्ही निघालो. आधी समोरच्या दुकानात भाभींना सांगितलं. हसता हसता त्या सुईत दोरा ओवायचंच विसरल्या. मग सुहाना पुढं आणि मी पदर खोचून मागं, गल्लीबोळांतून, तेलाच्या घाण्यामागच्या चाळीपर्यंत.

राजाक्काच्या दारात दोन गाठोडी बांधून ठेवलेली. भांडी पोत्यात. तिची आई वळकटी आवळत होती, वडील आकाराम रिक्षा बघायला गेले होते. अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर दाराला कुलूप दिसलं असतं.

“राजाक्का! कुठं चाललीस गं तू?” सुहाना कमरेवर हात ठेवून उभी. “उद्या मी काय सांगू वर्गात?”

राजाक्का वेणीचं टोक तोंडापुढं धरून हसली. “आजऱ्याला. काजू फोडायला जातोय आमी.”

“परीक्षा हाय की पुढच्या म्हैन्यात!”

“तेवढ्यापुरतं यायला जमतंय व्हय?” तिची आई म्हणाली, आणि मग माझ्याकडं बघून, “ह्या कोन? नव्या बाई?”

“न्हाय,” सुहाना म्हणाली. “ह्या मोजायच्या बाई हैत.”

मोजायच्या बाईनं काय केलं? वही उघडली, शून्य लिहिलेल्या पानाच्या मागं पत्ता लिहून घेतला. कुणाच्या कारखान्यात, कुठल्या नाक्याला, जवळ शाळा कुठली. राजाक्काच्या आईला इतके प्रश्न कुणी विचारले नसावेत. शेवटी तीच म्हणाली, “येतो वो, पाऊस पडायच्या आत येतोच. पोरीचं नाव काढू नका म्हनावं.”

आम्ही पळत परत आलो. सुहानानं उभं राहून सगळं सांगितलं, गाठोड्यांसकट. गुरुजींनी तिथल्या तिथं पोस्टकार्ड काढून आजऱ्याच्या शाळेला लिहिलं, की अमुक मुलगी येते आहे, तिला वर्गात बसू द्यावं. पत्ता मी सांगितला. मग सुहानाची हजेरी लागली.

घरी आले तेव्हा सासूबाई लसूण सोलत होत्या. “किती मार्क पडलं शाळंला?”

“मोजायचं राहून गेलं.”

“आत जाऊन आलीस न्हवं?” त्या म्हणाल्या. “मग हुतंय असं.”

शाळा काही सोन्याची नव्हती. सहावीचा वर्ग पावसाळ्यात गळायचा. प्रयोगाचं साहित्य म्हणजे एक लोहचुंबक आणि मोडका सांगाडा. संडासाचा वास आठवड्याला एक गुण कापावा असा. तरी १५ एप्रिल आली आणि गेली, आणि हायस्कूलचा फॉर्म मी फळीवर कागद कमी पडला तिथं अंथरला.

जूनमध्ये मनाली पाचवीत गेली. राजाक्काही आली. पाऊस पडायच्या आत, कबूल केल्याप्रमाणे. पण वार्षिक परीक्षा बुडाल्यामुळं पुन्हा पाचवीतच, आणि बाक मिळाला तो मनालीच्या शेजारी. तिसऱ्याच आठवड्यात मनालीला ताप भरला. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. शाळा सुटली असेल-नसेल तोच दारावर थाप. बाहेर राजाक्का, दप्तरासकट, धापा टाकत.

“मनाली का आली न्हाय? सांगा की लौकर, मला उद्या उठून सांगायचं हाय!”

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. आतून मनालीनं तापातच हाक मारली, “राजाक्का, ताप म्हणून सांग! एकशे दोन!” माझी आवाज न करणारी मुलगी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली होती.

आज २००२चा मार्च आहे. दोघी सातवीत, बाक तोच. गुरुजी निवृत्त झाले, पण नव्या बाईंनी ती पद्धत मोडली नाही. गेल्या सोमवारी राजाक्का आली नाही. मनाली आणि मी संध्याकाळच्या आत चाळीत गेलो. या वेळी कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, काजूलाच गेल्यात, पण आजऱ्यात न्हाय, फुडं कुठंतरी एका गावात. गावाचं नाव कुणालाच सांगता येईना. मनालीनं वर्गात उठून तेवढं सांगितलं. बाईंनी विचारलं, “कुठं?” ती म्हणाली, “ठाऊक नाही.” पोस्टकार्ड तयार आहे, पत्त्याची जागा कोरी आहे. परीक्षा आठ एप्रिलला. इतकी हुशार झालीय ती पोरगी, गणितात मनालीच्या पुढं, तिची सातवी अशी काजूत जायला नको.

तेव्हा तुम्ही आजऱ्याकडचे असाल, किंवा त्या बाजूला जाणार असाल, तर एवढं करा. काजूची शेड दिसली की आत डोकावा, लांबनं बघून पुढं जाऊ नका. तेरा वर्षांची, डाव्या भुवईवर व्रण, हसताना वेणीचं टोक तोंडापुढं धरते. वडलांचं नाव आकाराम. बरी आहे का विचारा, आठ तारखेला येणार का विचारा, आणि गावाचं नाव आम्हाला कळवा. येणार नसेल तर का, तेही विचारा. मनालीला उद्या वर्गात उठून सांगायचं आहे.