मुलुंडच्या गाळ्यातला फिटरचा बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे, मित्रांनो. बसायचा नव्हे, फिटरचा. माझ्या कडेला लोखंडी वाइस असायचा. त्यात लोखंड पकडायचं आणि कानस चालवायची. पाडलेल्या गिरणीच्या तुळईतून चंद्रप्रकाशने मला स्वतःच्या हाताने घडवलं, स्वतःच्या कंबरेच्या मापाने. मुलुंडच्या गाळ्यात सव्वीस वर्षं त्याने माझ्यावर साचे घासले. त्याच कामाच्या कमाईवर त्याची लेक जान्हवी अंधेरीच्या कॉलेजात घरसजावट शिकायला गेली. मला तिचं फार कौतुक होतं. आता ते सांगायचीही लाज वाटते.

कॉलेजात शर्मिष्ठा मॅडम टाकून दिलेल्या कारखानी वस्तूंतून घर सजवायला शिकवत. विषय चांगला, नवं झाड तोडायला नको, कचराही कमी. प्रत्येकाने एक वस्तू आणायची आणि तिची कहाणी सांगायची. बाकीची मुलं भंगारवाल्यांकडे पिंपं शोधत वणवण फिरली. जान्हवीने तेवढीही तसदी घेतली नाही. गणपतीला चंद्रप्रकाश दहा दिवस कोकणात गावी गेला, गाळ्याला कुलूप लागलं. किल्ली घरातच होती.

तिने टेम्पो आणला. वाइस काढून कोपऱ्यात टाकला. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये माझे पाय अर्ध्यातून कापले, कारण सोफ्यापुढचं टेबल बुटकं लागतं. तेलाचे डाग मात्र मुद्दाम ठेवले.

"झकास गं! अगदी खरं वाटतंय," मॅडम म्हणाल्या.

खरंच होतं ते, मॅडम.

निकालाच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी विचारलं, "हा बाक कुणाचा?"

"एका फिटरचा, सर," जान्हवी म्हणाली. "वारले ते. गाळा बंद पडला. हा भंगारातच जाणार होता, मी वाचवला."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि दाराशी चंद्रप्रकाश उभा होता. गावाहून येऊन त्याने गाळा उघडला, मी दिसलो नाही, शेजाऱ्याने जान्हवीने आणलेल्या टेम्पोचं सांगितलं, तसा तो धावत आला होता. त्याने सगळं ऐकलं.

"आपण कोण?" मॅडमनी विचारलं.

त्याने लेकीकडे पाहिलं. तिने मान फाइलमध्ये घातली. एक शब्द बोलली असती तर पहिला नंबर गेला असता, आणि तिला तो हवा होता.

"कोण नाय," तो म्हणाला. "असोच बघूक इलंय."

जाताना त्याने सवयीने माझ्यावर हात टेकायला पुढे केला. मी तेवढा उंच राहिलो नव्हतो. तो तोल सावरून निघून गेला.

आता मी कॉलेजच्या दर्शनी दालनात असतो. माझ्यावर पितळी पाटी आहे : 'एका दिवंगत कामगाराच्या स्मरणार्थ'. परवा जान्हवी माझ्यावर कॉफीचा कप ठेवून मैत्रिणीला सांगत होती, "पप्पा हल्ली जमिनीवर बसून साचे घासतात ना, कंबर धरलीय त्यांची. रोजची कटकट यार."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी सांगणार नाही. मला इथे छान जपतात, रोज फडक्याने पुसतात. तुम्ही जिवंत माणसाला जिवंत म्हणा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.