लेम टॅकेटची घोडी

मित्रांनो, घोड्याचे वय त्याच्या दातांवरून ओळखतात. माझे दात आता इतके झिजले आहेत की मका भिजवून दिल्याशिवाय मला चाववत नाही. मी एक जुनी घोडी आहे. माझे नाव टॅन्सी. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याच्या डोंगराळ भागात, टॅकेटांच्या शेतावर माझा जन्म झाला.

माझ्या पाठीवर पहिले खोगीर चढवले ते जूबलने. जूबल टॅकेटांचा गुलाम होता. त्याने मला कधी चाबूक दाखवला नाही. जिभेने नुसता टक् असा आवाज केला की मी वळत असे. पुढे दक्षिणेच्या राज्यांनी असे गुलाम बाळगण्याचा हक्क टिकवण्यासाठी उत्तरेशी युद्ध मांडले आणि घरचा थोरला मुलगा लेम फौजेत निघाला. त्या फौजेत घोडा ज्याचा त्याने आणायचा असे. म्हाताऱ्या टॅकेटने जूबलला विकले आणि त्या पैशांत लेमसाठी रायफल व माझ्यासाठी नवे खोगीर आणले. जूबल मला पुन्हा दिसला नाही. खोगीर मात्र पाठीवर छान बसले.

लेमची पलटण घोड्यावरून जायची, पण लढायची पायी. शत्रू दिसला की सगळे खाली उतरत. दर चौघांतला एक जण चार घोड्यांचे लगाम धरून मागे थांबे आणि बाकीचे तिघे रायफली घेऊन पुढे धावत. आमचे लगाम लेमच्या मामेभावाकडे असत. तो ऑरिन. लांब हातापायांचा, अंगात घाई नसलेला माणूस.

"बस शेपट्या मोजत," लेम त्याला चिडवायचा. "घरी गेल्यावर पोरींना सांग, मी लढाईत चार शेपट्या राखल्या."

"चारही जाग्यावर असतात ना? तुझं डोकं तेवढं जाग्यावर ठेव," ऑरिन म्हणायचा.

पहिली मोठी लढाई एका नदीच्या उतारावर झाली. पलीकडून तोफा सुटल्या. माझ्या शेजारच्या काळ्या घोड्याचे पोट फाटले आणि तो स्वतःच्याच आतड्यांत पाय अडकून पडला. ऑरिनने लगाम सोडले नाहीत. मग एक गोळी माझ्या मानेतून आरपार गेली. पुढे धावलेल्यांपैकी निम्मेही परतले नाहीत. लेम परतला, आणि स्वतःचा सदरा फाडून माझी जखम बांधत बसला. जखमेत किडे पडले तेव्हा त्याने ते बोटांनी एकेक करून काढले.

पुढच्या हिवाळ्यात चारा संपला. आम्ही घोडे झाडांच्या साली खात होतो, एकमेकांच्या शेपट्या कुरतडत होतो. लेमला मूठभर भाजका मका मिळे. त्यातला अर्धा तो तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरी. अख्ख्या पलटणीत त्याचे नाव झाले. टॅकेटसारखा माणूस घोड्याच्या नशिबी हवा, असे सगळे म्हणत.

वसंतात बातमी आली की उत्तरेच्या फौजेच्या मक्याच्या गाड्या पाइनच्या रानातून जात आहेत, आणि राखणीला निळ्या गणवेशातले काळे सैनिक आहेत. त्यांतले कित्येक कालपर्यंत आसपासच्या शेतांवर गुलाम होते. हे कळल्यावर आमच्या माणसांचे चेहरे बदलले. त्या सकाळी लेमने ऑरिनला चिडवले नाही.

आमच्या माणसांनी गाड्यांवर दोन्ही बाजूंनी हल्ला केला. निळ्या सैनिकांनी दोनदा आमची रांग मागे रेटली. तिसऱ्यांदा त्यांच्या गोळ्या संपल्या आणि त्यांची फळी फुटली. लढाई थांबली. गोळ्यांचे आवाज थांबले नाहीत. आता एक गोळी सुटे, मग जरा शांतता, मग आणखी एक. मधे कोणीतरी विनवण्या करत असे. मग ते विनवणेही थांबे.

झुडपांतून निळ्या गणवेशातला एक माणूस कोपरांवर सरपटत आमच्याकडे आला. त्याच्या मांडीचे हाड बाहेर आले होते. तो माझ्या पोटाखाली शिरला. मी घाबरले होते, पण पाय उचलला नाही.

"पाणी," तो म्हणाला.

ऑरिनने आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "नाव काय तुझं?"

"गिडियन."

"हलू नकोस, गिडियन. तू माझा कैदी आहेस. असंच सांगू सगळ्यांना."

तेवढ्यात लेम आला. धुराने काळवंडला होता. हातात कोणा अधिकाऱ्याचे पिस्तूल होते. त्याने आधी माझ्या मानेवर हात फिरवला. "टॅन्सीला कुठं लागलं नाही ना?" मग त्याची नजर खाली गेली.

"कैदी आहे," ऑरिन म्हणाला. "माझा."

"आज कैदी नाहीत."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतायत. सरक."

"लेम, त्याच्या हातात बघ काय आहे. माझी बाटली आहे. पाणी पितोय तो."

लेमने पिस्तुलाची मूठ ऑरिनच्या जबड्यावर हाणली. ऑरिन खाली कोसळला, तरी लगाम त्याच्या मुठीतच होते.

"ये बाई, ये, घाबरू नकोस," लेम मला म्हणाला. त्याने मला अलगद दोन पावले डावीकडे घेतले. गिडियन माझ्या उजव्या अंगाला उघडा पडला. मी बुजू नये म्हणून लेमने माझ्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि मानेखालून गोळी झाडली.

मित्रांनो, घोड्याला दोन्ही अंगांना डोळे असतात. लेमने एकच झाकला होता.

त्या संध्याकाळी आम्हा घोड्यांना पोटभर मका मिळाला. पोत्यांवर रक्त होते. मी खाल्ला. भूक फार होती.

ऑरिन त्यानंतर लेमशी बोलला नाही. उन्हाळ्यात एका नावघाटावर तोफेचा गोळा आमच्यात फुटला. दोन घोडे आणि ऑरिन जागीच गेले. लेमला त्याची बोटे उकलून माझा लगाम सोडवावा लागला. तेव्हा लेम मोठ्याने रडला.

युद्ध दक्षिणेची राज्ये हरली. गुलाम सुटले. लेम माझ्यावर बसून घरी आला, आणि तेव्हापासून त्याने मला नांगराला जुंपले नाही. थंडीत मला कांबळे मिळते. त्याची मुले कुंपणावर बसून युद्धाच्या गोष्टी मागतात. तो माझ्या मानेवरचा वण दाखवतो, नदीच्या उताराची गोष्ट सांगतो.

"आणि पाइनच्या रानात काय झालं, बाबा?" धाकटीने एकदा विचारले.

"आम्ही जिंकलो," लेम म्हणाला. मग माझी आयाळ विंचरू लागला. "पोरांनो, जनावरावर माया करावी. बिचाऱ्याला काही सांगता येत नाही."

मुलांनी माना डोलावल्या. गावात आजही म्हणतात, लेम टॅकेटसारखा दयाळू माणूस दुसरा नाही. पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवतात.

म्हणून मित्रांनो, मी माझ्यासाठी काही मागणार नाही. माझे सगळे नीट झाले. पण एखादा माणूस घोड्याला किती जपतो हे पाहून त्याला चांगला म्हणायची घाई करू नका. त्या रानात ऑरिनची बाटली हातात धरून गिडियन पडला होता. त्याला कोणी पुरलेसुद्धा नाही. तो माणूस होता. त्याला बोलता येत होते, आणि त्याने आपले नाव सांगितले होते.