पानावरची सिगरेट

सुष्मानं केळीच्या पानावरून सिगरेटचं पाकीट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, कांद्याच्या सालांवर. परत येऊन तिनं मटणाची वाटी सरकवली आणि पानावरची रिकामी जागा भरून टाकली.

रणोजीरावांनी सगळं पाहिलं. ते तिचे चुलतसासरे, सर्वपित्रीसाठी सकाळच्या बसनं हुणसूरहून म्हैसुरात बोगादीला आलेले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुसरं पाकीट काढलं आणि वाटीशेजारी ठेवलं.

"दादाला जे आवडायचं ते त्याच्या पानावर असणार," ते म्हणाले. "ही घरची पद्धत. तुझ्या माहेरी नसेल."

"माझ्या माहेरी कुणी सिगरेटनं मेलंही नाही, काका."

मेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं, विडी-दारूसकट, पानावर मांडायचं, ही रीत या घराण्यात पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते तेव्हापासूनची. इथवर सुष्माचं काही म्हणणं नव्हतं. फोटोतल्या सासऱ्यांना, दामोदररावांना, आता आणखी काय व्हायचं होतं? पण सिगरेट नुसती ठेवून भागत नसे. थोरल्या मुलानं ती ओठांत धरून पेटवायची, एक झुरका घ्यायचा आणि मग बापापुढं ठेवायची. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, भुवननं, ती पेटवली होती आणि पानं उठल्यावर उरलेलं पाकीट मागच्या दारी बसून संपवलं होतं. या मार्चमध्ये कडकोळच्या कारखान्यात, चालू मशीनपाशी, तो छाती धरून खाली बसला.

तेव्हापासून त्यानं सिगरेट सोडली होती. सोडली कसली, सुष्मानं ती त्याच्याकडून हिसकावून घेतली होती. शर्टांचे खिसे तपासले, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याशी भांडली, नवऱ्याचं वाट्टेल ते ऐकून घेतलं. आता कुठं त्याचा सकाळचा खोकला थांबला होता. न थांबता जिना चढायचा. परवा तर दारातूनच म्हणाला, मेथी टाकलीस का? इतक्या वर्षांनी त्याला फोडणीचा वास आला होता. एकसुद्धा नको, डॉक्टरांनी बजावलं होतं, एकीनंच सगळं परत सुरू होतं. तो परत सुरू झाला तर पुढचा फोटो कुणाचा, हे सुष्माला कुणी सांगायला नको होतं.

"समईवर धरून पेटवा," ती म्हणाली.

"समईवर पेटवलेली सिगरेट कोण ओढतं? अय्यो, एका झुरक्यानं काय होतं गं? या तंबाखूच्या पिकावर आपली घरं उभी राहिली. भुवन, घे."

भुवननं पाकीट फोडलं. एक काढली, अंगठ्याच्या नखावर ठोकली. सुष्मा त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती, आणि तिला जे दिसलं त्यानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठ्यांचा शब्द मोडवत नाही म्हणून तो घेत नव्हता. त्याला हवीच होती. काकांनी नुसती सबब आणून दिली होती.

"थोडी तरी लाज वाटू दे," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"सुम्ने बस, गप्प," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "वर्षातनं एकदा. बाबांसाठी."

"बाबांचं नाव कशाला घेतोस?"

तिनं सासूकडं पाहिलं. आशा अशी काही नव्हतीच. जन्मभर नवऱ्याला सकाळच्या कॉफीबरोबर सिगरेट हातात नेऊन देणारी ही बाई. सरस्वतीबाई भिंतीशी टेकून बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. पळाली, सुष्माच्या मनात आलं.

सरस्वतीबाई बाहेर आल्या त्या दोन्ही हातांत टेबलफॅन धरून. त्यांनी तो पानाच्या अलीकडं, भुवनच्या कुशीला जरा मागं ठेवला, फोटोकडं तोंड करून, आणि पिन लावली.

"वहिनी, हे काय? समई विझेल."

"विझू दे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आवडीचं सगळं मांडायचं ना, भावजी? तुम्ही हुणसूरला होता. शेवटी मी होते इथं. सिगरेट पुढं केली तर तोंड फिरवायचे. पंखा मागायचे. जवळ आण म्हणायचे. पार नाकाला लागेपर्यंत आणला, तरी म्हणायचे आणखी जवळ. वारा पुरला नाही त्यांना."

त्यांनी बटण दाबलं. समईची वात आडवी झाली आणि विझली. पानाच्या कडा फडफडल्या, भाताची शितं जमिनीवर उडाली. रणोजीराव चरकले. पितरांपुढचा दिवा या घरात आजवर कुणी विझवला नव्हता.

"बंद करा तो. भुवन, तू पेटव रे. मुहूर्त चाललाय."

सरस्वतीबाई पंख्याशेजारी बसून राहिल्या. भुवननं सिगरेट ओठांत धरली आणि काडी ओढली. विझली. त्यानं दुसरी ओढली.

सुष्माला त्याची पेटवायची तऱ्हा पुरती ठाऊक होती. चामुंडी टेकडीवर, जिथं वाऱ्यानं पदर आवरत नाही, तिथंही तो काडेपेटी धरलेला हात वाकवून आडोसा करायचा आणि एका काडीत पेटवायचा. आज तो हात त्यानं मांडीवर ठेवला होता. जळती काडी तो उघडीच वर नेत होता.

"पेटत नाही, काका."

"आडोसा धर की. काय आज शिकतोयस?"

भुवननं आणखी एक काडी ओढली, तशीच उघडी वर नेली, आणि ती विझेपर्यंत ज्योतीकडं बघत राहिला.

"पेटत नाही," तो पुन्हा म्हणाला. ओठांतली ओली झालेली सिगरेट त्यानं काढली आणि रणोजीरावांच्या हातात दिली.