दिवस मावळायच्या आत

मी तात्यासोंचा चटणीचा डबा बोलतोय. तुमच्याशी बोलतोय, कारण घरात माझं ऐकणारं कुणी नाही. मला तोंड आहे, पण ते चटणी काढण्यापुरतं.

मी स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा, मुठीत मावेल एवढा. अंगावर 'सौ. प्रियदर्शनी' असं नाव कोरलंय. त्या तात्यासोंच्या मंडळी. गावी, कोडोलीला असताना दोघांनी मिळून जैन मुनिमहाराजांपुढं नियम घेतला, की दिवस मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचं नाही. तेव्हापासून उन्हं कलली की दोघं समोरासमोर जेवायला बसत आणि मध्ये मी. पोटात शेंगदाण्याची लाल चटणी, लसणाशिवायची. नाक मुरडू नका, आधी खाऊन बघा.

पुढं प्रियदर्शनीबाई गेल्या. तात्यासो कोल्हापुरात मुलाकडं राहायला आले आणि माझ्यासमोर एकच ताट उरलं. मुलगा अनेकांत आणि सून चंदना यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. ते बंद करून घरी यायला रात्र होते. नात आदितीही क्लासवरून तेव्हाच येते. तिघं हसतखेळत जेवतात, आणि तात्यासो आतल्या खोलीत पडून त्यांचे आवाज ऐकतात. यात कुणाची चूक नाही हो. पण मला वाईट वाटतं.

गेल्या एप्रिलमध्ये आदितीची परीक्षा संपली आणि चौघं युरोपला निघाले. मी गेलो तात्यासोंच्या मोज्यांत गुंडाळून. त्या प्रवासाबद्दल मी काही बोलत नाही.

पॅरिसची पहिली संध्याकाळ. रस्त्याकडेची झाडं गुलाबी फुलांनी भरून गेलेली आणि आम्ही एका छोट्या हॉटेलात. तात्यासोंनी घड्याळ बघितलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"आठ वाजून गेल्यात. तुम्ही जेवा, मी नुसता बसतो."

"आज्जा, घड्याळ कशाला बघताय? भाईर बघा की!" आदिती म्हणाली.

तात्यासो उठून दारापर्यंत गेले. समोरच्या छपरांवर चांगलं पिवळं ऊन होतं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, मग येऊन खुर्ची ओढली.

"ह्यो सूर्य शाणा हाय गा. माणसांची जेवणं हुईस्तवर थांबतोय!"

सगळे हसले. त्या दिवशी ते चौघं पहिल्यांदा रात्रीचं जेवण एकत्र जेवले. रात्रीचं म्हणायचं, पण उन्हातलं.

मग रोजच तसं झालं. आदिती वेटरला सांगायची, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, गाजर नको, अंडं नको, मांस-मासे तर नकोच. एकानं हात टेकले आणि विचारलं, मग तुम्ही खाता तरी काय?

"त्याला म्हणावं, बाकीचं समदं खातो की!" तात्यासो म्हणाले.

जर्मनीत शतावरीच्या जातीचे पांढरे कोंब आले. तिकडं वसंतात त्याचं भारी कौतुक असतं. तात्यासो पडले शेतकरी, आणि त्यांना कंदमुळं वर्ज्य. "ह्ये जमिनीच्या वर वाढतंय का खाली?" बिचारा वेटर आत विचारून आला. पांढरे मातीखाली, हिरवे वर. मग हिरवे मागवले आणि त्यावर माझी चटणी पडली. इटलीत तर हॉटेलच्या मालकीणबाईंनीच माझ्यातली चिमूट उचलली. खोकल्या, डोळे पुसले आणि परत चिमूट घेतली.

मी हातोहात फिरत होतो. "आज्जा, चटणी!" "तात्या, इकडं द्या जरा." आणि तात्यासो बोलत होते. प्रियदर्शनीबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा चटणी केली तेव्हा मीठच घालायचं विसरल्या, आणि हे महिनाभर तशीच खात राहिले, हे त्यांनी तिथंच सांगितलं. इतकी वर्षं ताटाशेजारी बसूनही मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. पास्त्याची ताटली तर ते पुसून खायचे.

चंदना कौतुकानं म्हणाली, "तात्यांना हितला पास्ता लई मानवलाय."

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. मी ओरडून सांगणार होतो, पण कसा सांगणार?

परत आल्यावर एके दिवशी चंदना दुकानाला जाताना म्हणाली, "तात्या, आज सांजचं जेवू नगा. भाईर जायचंय, तुमचा पास्ता खायला. टेबल सांगून ठेवलंय." तात्यासो खूश झाले. पाच वाजल्यापासून इस्त्रीची कापडं घालून, मला खिशात टाकून अंगणात खुर्चीवर बसले. गाडीची वाट बघत बसले. समोर सूर्य खाली खाली चालला होता. मी खिशात तळमळत होतो. अहो, आत जाऊन दोन घास खा, नाहीतर फोन तरी करा! त्यांनी फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवला. पोरांनी एवढ्या हौसेनं ठरवलंय, असं पुटपुटले.

गाडी आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

हॉटेलात तात्यासोंनी पाण्याचा पेलाही उचलला नाही, तेव्हा चंदनाच्या ध्यानात आलं. परदेशात नियम कधी आडवाच आला नव्हता, म्हणून तो डोक्यातूनच गेला होता. तिनं हातातलं मेनूकार्ड खाली ठेवलं. "तात्या, इसरलेच की वो मी!"

"असू दे गं. मला भूकच न्हाय आज," तात्यासो म्हणाले. दुपारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, ते मला माहीत आहे.

चंदना गुणाची बाई. दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर घरी आली, ऊन असतानाच पास्ता केला, वाफाळतं ताट समोर ठेवलं. "घ्या तात्या. काल चुकलं माझं. गरम हाय तवर खावा." आणि गिऱ्हाईक थांबलंय म्हणून लगबगीनं परत गेली.

तात्यासोंनी माझं झाकण काढलं, चटणी घेतली, आणि सवयीनं मला उजवीकडं पुढं केलं. तिकडं परदेशात उजवीकडं आदिती बसायची. इथं भिंत आहे. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी मला खाली ठेवलं आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून सगळा पास्ता संपवला.

आता पुन्हा एकट्याचं जेवण रोजचं झालंय. आठवड्यातून एकदा पास्ता असतो, एरवी भाकरी. मी काही करू शकत नाही. माझं झाकणसुद्धा मला उघडता येत नाही.

पण तुम्हाला पाय आहेत, वाचा आहे. तुमच्या घरी कुणी दिवस मावळायच्या आत एकटं जेवत असेल, तर क्षणभर समोर जाऊन बसा. जेवू नका हवं तर. चटणी तेवढी मागा.