एक नंबरचा पत्ता

करिष्माने लायब्ररीच्या वाय-फायला लॅपटॉप जोडला आणि हॉलमधल्या सगळ्यांचं नेट गेलं. तिला आधी योगायोग वाटला. लॅपटॉप मिटला, नेट आलं. उघडला, पुन्हा गेलं. मग मात्र तिची खात्री पटली, घोळ याच लॅपटॉपचा आहे.

"कोनीतरी हॅक केलाय!" ग्रंथपाल केसरीनाथकाका गरजले. काकांच्या लेखी पंखा बंद पडला तरी हॅकच. "कोन हाय त्याने गपचूप सांगा, न्हायतर पोलिसांना फोन लावतो."

"काका, मेरा पेमेंट बीच में अटक गया," समोरची बाई रडकुंडीला आली होती.

करिष्माचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आता सुरू होणार होता. राहनाळच्या गोदामात खोक्यांना टेप लावून ती विटली होती, आणि मानकोलीला नेटवर्क सांभाळायची नोकरी निघाली होती. घरी, कामतघरला, शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून भाऊ धनेश ड्युटीवर गेल्यावर तिने त्याचा लिनक्सवाला लॅपटॉप न विचारता उचलला होता.

धनेश फोन घेईना. आणि तिला एकदम आठवलं. घरी हा लॅपटॉपच तर राउटर! कनेक्शन एक, त्यातून धनेश अख्ख्या चाळीला नेट वाटायचा. त्यासाठी त्याने लॅपटॉपला नेटवर्कमधला एक नंबरचा, म्हणजे राउटरचा पत्ता कायमचा बांधून दिला होता. लायब्ररीच्या राउटरचा पत्ताही तोच. सगळ्यांचं नेट चुकून तिच्या दारात येत होतं आणि तिथेच अडकत होतं.

"सेटिंगला हात लावशील तर बघ," धनेशने बजावलं होतं. तरी तिने सेटिंग उघडलं. घाईत पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला. शेवटी तिने ती पत्त्याची ओळ खोडली आणि लॅपटॉप नव्याने सुरू केला.

"आ गया!" बाई ओरडली.

"आला, पन घालवला कोनी?" काका फोन हातात घेऊन एकेका टेबलाशी थांबत येत होते.

तेवढ्यात इंटरव्ह्यू लागला. हेडफोन घरीच राहिला होता. पलीकडच्या मॅडमचा आवाज हॉलभर घुमला, "नेटवर्कचा एखादा प्रॉब्लेम तुम्ही स्वतः सोडवलाय? अगदी अलीकडचा सांगा."

काका नेमके तिच्या टेबलाशी आले. पुस्तकातलं पाठ केलेलं उदाहरण ओठांवर होतं, पण काकांकडे बघून ते काही बाहेर पडेना.

"हो मॅडम," ती म्हणाली. "आत्ताच सोडवला. केला पण मीच होता."

काकांनी फोन खिशात टाकला, खुर्ची ओढली आणि ते तिच्यासमोर ऐकायला बसले.