तुळजाबाईच्या गोळ्या आणि बुवाचं तीर्थ

वाटीतलं पाणी काळं व्हायला नऊ आकडे लागत होते. मुनीराने तीन वेळा मोजून पाहिलं. गोळीची पूड पडली की पहिले चार आकडे काहीच घडत नसे. मग वाटीच्या तळाशी जांभळट धुरासारखं काहीतरी हले, त्यातून मोरपीस दोन-तीन फेरे फिरे, आणि नवव्या आकड्याला पाणी दौतीतल्या शाईसारखं होई.

आजूबाजूच्या बायकांनी मोजलं नव्हतं. त्यांनी हात जोडले होते.

ब्याऐंशी सालचा उन्हाळा नुकता लागला होता. भरे गावच्या मारुतीच्या देवळापुढे दर गुरुवारी दुपारी कोंडाजीबुवा बसायचा, आणि पिरंगुटपासून भुकूमपर्यंतची माणसं भाकरी बांधून यायची. बुवापुढे पितळी वाटी, शेजारी तीर्थाची कळशी, हातात मोरपीस. सरकारी दवाखान्यातून मिळालेली लाल गोळी तो दगडाने ठेचायचा, पूड तीर्थात टाकायचा आणि पीस फिरवत सूर लावायचा.

"निघ काळे, निघ बाळे, डागदराचे तोड ताळे! वरनं लाल, आतनं काळं. बघा बायांनो. मी काय केलं? मी निस्ता पडदा सारला."

पडदा सारणारा हा माणूस वाटी मात्र कधी दुसऱ्याच्या हाती देत नसे. पण बोलण्यात पक्का. गोळ्या बंद करा असं तो म्हणत नव्हता. सरकारशी आपलं वैर नाही, गोळी खुशाल खा, फक्त माझ्या तीर्थासंगं गिळा, म्हणजे तीर्थ तिच्यातलं काळं पोटातच मारील, असं सांगायचा. गुण आला तर तीर्थाचा, नाही आला तर गोळीचा दोष. दोन्हीकडून बुवाच खरा.

मुनीरा पिरंगुटच्या शाळेत विज्ञान शिकवायची. बाजारात तिच्या वडिलांचं, ताजुद्दीनचं, किराणा आणि हिरड्याचं दुकान होतं. बुवाच्या चमत्काराशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती आली होती तुळजाबाईला शोधत.

तुळजाबाई भऱ्याची. तीस वर्षं ती डोंगरातला हिरडा गोळा करून ताजुद्दीनच्या दुकानी घालत आली होती. मुनीराची आई गेली तेव्हा मुनीरा चार वर्षांची होती, आणि बाजाराच्या दिवशी तुळजाबाई हिरड्याचं पोतं उतरवून आधी त्या पोरीला मांडीवर घ्यायची. आता तीच तुळजाबाई दोन पावलं चालली की धापा टाकत होती. वर्षभर दर पाळीला तिच्या अंगावरून फार जात होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की गर्भाशयात गाठ आहे, पिशवी काढावी लागेल. पण रक्त भरलं सहा. दहाच्या वर गेल्याशिवाय मी टेबलावर घेणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अंगाने जड बाई, भूल देताना आधीच धोका जास्त, त्यात अंगात रक्त नाही. सहा आठवडे लोहाच्या गोळ्या घ्या, मग या.

गावात याची थट्टा झाली. एवढा हत्तीवाणी देह, आणि रगत न्हाई म्हणे! मुनीराने समजावून सांगितलं होतं की भात, भाकरी आणि गुळाच्या चहाने अंग भरतं, पण रक्ताला लागतं ते लोखंड त्यात फार थोडं असतं. माणूस जाड असूनही रक्ताने उपाशी राहू शकतो. कुणी ऐकलं, कुणी हसलं.

सहा आठवडे झाले. पुन्हा रक्त तपासलं. पुन्हा सहा.

तपासणीची चिठ्ठी मुनीराच्या पर्समध्ये होती. तुळजाबाई गोळ्या फेकून देत असणार, अशी तिची खात्री होती.

गर्दीतून वाट काढत ती तुळजाबाईजवळ बसली. तुळजाबाईच्या डोळ्याची खालची पापणी आतून तांदळाच्या पिठासारखी पांढरी झाली होती. मुनीराने हळूच विचारलं, तेव्हा ती दुखावली. एकसुद्धा गोळी चुकवली नव्हती तिने, मारुतीची शपथ.

"मग कशाबरोबर घेता, मावशी?"

"बुवाच्या तीर्थासंगं. रोज तांब्याभर नेते मी त्येच्याकडनं. गोळीचं वाईट तीर्थ खातंय, अन् चांगलं ऱ्हातं माझ्या पोटात. डागदर बी नाराज न्हाई, देव बी न्हाई."

तेवढ्यात बुवाचा माणूस पळी घेऊन फिरत आला. मुनीराने हात पुढे केला. तीर्थात तुळशीचं पान होतं, गूळ होता, आणि गुळाच्या खाली जिभेला ओढून धरणारा तुरटपणा होता. तिने घोट गिळला आणि तुळजाबाईकडून एक गोळी मागून घेतली.

संध्याकाळी दुकानात हिरडा मोजता मोजता तिने अब्बांना विचारलं की इतक्यात नवीन गिऱ्हाईक कोण. ताजुद्दीन म्हणाले, बाहेरचा व्यापारी सोडला तर एक भऱ्याचा माणूस आठवड्याला दोन पायल्या नेतो. बुवाकडे राहतो म्हणे. पोट साफ व्हायला हवं असेल.

मुनीराने मूठभर हिरडा कुटून उकळला, फडक्याने गाळला. तुळजाबाईकडून आणलेली एक गोळी ठेचून टाकली आणि ढवळू लागली. अकरा आकडे लागले. तिचा काढा बुवाच्या काढ्यापेक्षा पातळ होता, एवढाच फरक.

तिने चमचा खाली ठेवला. चमत्कार उलगडल्याचा आनंद तिला झाला नाही. वाटीत जे झालं तेच सहा आठवडे रोज तुळजाबाईच्या पोटात होत होतं. हिरड्यातला तुरट अंश लोहाला पकडून ठेवतो. पकडलेलं लोह रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. देवाला आणि डॉक्टरला दोघांनाही खूश ठेवायच्या नादात तुळजाबाईने औषध स्वतःच्या हाताने बांधून टाकलं होतं. आणि तिची पाळी पुढच्या आठवड्यात येणार होती. मागच्या पाळीला ती पाणवठ्यावर चक्कर येऊन पडली होती.

पुढच्या गुरुवारी मुनीरा शाळेतून थेट देवळापुढे गेली. उशीर झाला होता. तुळजाबाई बुवाच्या समोर बसली होती, ओटीत गोळ्यांची पुडी. शेजारी तिचा नवरा गेणबा उभा होता, कमरेच्या आकडीला कोयता तसाच. बुवाचा सूर आज वेगळा होता.

"सहा आठवडं गोळी खाल्ली. रगत वाढलं का? न्हाई. गेणबा, तुझी बाई पुन्याला गेली तर टेबलावरच ऱ्हाईल. आन पिशवी काढलेली बाई म्हंजी फुटकं मडकं, घरात ठिवून काय उपेग? आज ही पुडी मुळा नदीच्या पान्यात सोडा. अकरा गुरवार माझं तीर्थ. जी बाई ह्याउपर गोळी गिळंल, तिच्या कुंकवाचा भरवसा मी देत न्हाई."

कुंकवाचं नाव निघताच बायकांचे हात मंगळसूत्राकडे गेले. गेणबाने खाली वाकून पुडी उचलली.

"गेणबामामा, थांबा," मुनीरा म्हणाली. "माझं एक बघा आणि मग फेका."

बुवाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. ही कोण, ताजुद्दीनची पोर ना, आमच्या देवळापुढं हिचं काय काम, असं तो गर्दीला उद्देशून म्हणाला. मागून दोन-चार गडी पुढे सरकले. शाळेतली मुलं प्रश्न विचारतात तेव्हा ती कधी घाबरत नसे. ही मुलं नव्हती.

उत्तर दिलं तुळजाबाईने, बसल्या जागेवरून, धाप खात. "माझ्या मांडीवर मुतलीय ती. तिला हितं उभं ऱ्हायला कुनाला इचारायचं न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. गडी जागीच थांबले.

मुनीराने देवळाच्या आडातून काढलेलं साधं पाणी वाटीत मागितलं. सारजाबाईने दिलं. ही तुळजाबाईची शेजारीण, जिभेची तिखट. मुनीराने पुडीतली एक गोळी तिच्याच हाताने ठेचून घेतली आणि ढवळायला लावली. आकडे मोजले. नऊ झाले, वीस झाले, पन्नास झाले. पाणी गढूळ झालं, काळं झालं नाही.

"साध्या पान्यात काळं लपतंय," बुवा लगेच म्हणाला. "तीर्थाला ते दिसतं. म्हनून तर ते तीर्थ."

माना डोलल्या. मुनीराला हे अपेक्षित होतं. पुढच्याची मात्र तिला खात्री नव्हती. घरी तिने हिरड्याच्या काढ्यात लोखंडी खिळा टाकून पाहिला होता, पण त्याला पाऊण तास लागला होता. इथे पाऊण तास कोण थांबणार?

"मामा, कोयत्याला धार लावायचा दगड आहे ना जवळ? मावशीच्या तांब्यातलं तीर्थ दगडावर घाला आणि कोयता घासा. गोळी नको, काही नको."

"तीर्थ बाटंल!" बुवा उठून उभा राहिला.

"ते माझ्या तांब्यात हाय," तुळजाबाई म्हणाली. "दिलं तवाच माझं झालं. घासा वो तुमी."

गेणबाने खिशातून दगड काढला. तीर्थ ओतलं आणि पायरीवर बसून कोयता घासू लागला. रोजचं काम, पाण्यात घासल्यावर दगडावर राखाडी चिखल येतो, हे त्याला डोळे मिटून माहीत. चिखल राखाडीच आला. बुवा हसला. मागे कुणीतरी म्हणालं, मास्तरीणबाईचा कोयता बोथटच निघाला. मुनीरा दगडाकडे बघत राहिली. दोनशे आकडे झाले असतील. मग चिखलाच्या कडेला जांभळी किनार दिसली, ती आत पसरली, आणि गेणबाची बोटं काळी झाली.

त्याने बोटं धोतराला पुसली. डाग गेला नाही.

"कोयत्यावर बी कुनीतरी करनी केलीय," बुवा म्हणाला, पण या वेळी जरा घाईने.

"मंग माझ्या विळीवर रोजच करनी हाय म्हना," सारजाबाई बोलली. "केळफूल चिरलं की विळी काळी, बोटं काळी. माझी सासू म्हनायची तेल लाव. तिनं कदी बुवा बोलावला न्हाई."

आता हसू मोठं झालं, आणि ते बुवाच्या बाजूचं नव्हतं. तुळजाबाईने तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"हिरडा हाय ह्यो," ती म्हणाली. "मी पयल्या दिशीच वळखला व्हता. तीस वर्सं ज्यानं माझी बोटं काळी केली त्यो मला कळनार न्हाई व्हय? पर देवाच्या तीर्थाला हिरडा म्हनायचं धाडस कुटनं आनायचं?"

बुवाचा माणूस कळशी उचलू लागला. गेणबाने काळा हात तिच्यावर ठेवला आणि ती राहू दे म्हणाला, आवाज न चढवता. बुवाने मोरपीस झोळीत खुपसलं, देवाची खोड काढणाऱ्याचं काय होतं ते बघाल, असं काहीबाही पुटपुटला आणि पिरंगुटच्या रस्त्याला लागला. कुणी त्याला नमस्कार केला नाही; कुणी अडवलंही नाही.

मुनीराने मग सगळं सांगितलं. तुरट पदार्थ आणि लोखंड भेटले की काळा रंग होतो, जुन्या काळची शाई अशीच करत. बुवा पीस फिरवायचा तेव्हा पाण्यात हवा मिसळायची, रंग लवकर गडद व्हायचा. मंत्र म्हणायचा तो तेवढा वेळ काढायला. गोळीबरोबर हिरडा नको, आणि कोरा चहासुद्धा नको, त्याच्यातही तोच तुरटपणा असतो. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं त्याला भिऊ नका, ते न शोषलेलं लोह. गोळीने मळमळलं तर डॉक्टरांना सांगा, बुवाला नको.

एका म्हाताऱ्याने विचारलं, बुवाचं ऐकलं ते चुकलं, मग आता तुझं का ऐकायचं?

"माझंही ऐकू नका," मुनीरा म्हणाली. "हिरडा तुमच्या डोंगरात आहे, गोळी फुकट मिळते, वाटी घरात आहे. स्वतः करून बघा. जो माणूस वाटी तुमच्या हातात देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो बुवा असो की मास्तरीण."

लोक पांगू लागले. गेणबा पुडी हातात धरून उभा होता. त्याने मुनीराकडे पाहिलं. पिशवी काढायची का, हे त्याला विचारायचं होतं, ते तिला समजलं. पण त्याचं उत्तर देण्याचा हक्क तिचा नव्हता. वर्षभर गेणबाच्या घरात हा प्रश्न निघाला की कुणी चुलीकडे वळायचं, कुणी गुरांकडे. तुळजाबाई स्वतः भिंतीकडे तोंड करून निजायची.

तिने हात पुढे केला आणि पुडी नवऱ्याच्या हातातून घेतली.

"दीड महिना नीट गोळ्या खाते," ती म्हणाली. "रगत दहा झालं की पुन्याला जायाचं. मला भ्या वाटतंय, लई वाटतंय, पर मी आपरेशन करून घेनार हाय."