सैल पट्टा

माझ्या एका पात्याच्या कडेवर पिवळ्या पुडीचा थर बसला आहे, नखाएवढा जाड. पाते पूर्ण वेगाने फिरले तर त्यावर एवढी पूड टिकत नाही. थर आहे, याचा अर्थ मी धड फिरत नाही.

मित्रांनो, मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यातला जुना पंखा आहे. आतली पूडभरली हवा बाहेर फेकणे हे माझे काम. भिंतीत बसवलेला असल्याने मला दोन्हीकडचे दिसते. आत पोत्यांत पूड भरणारे कामगार, आणि बाहेर गेटवर काम मागायला उभी असलेली माणसे.

मी नवा होतो तेव्हा गेटवर फारसे कोणी नसे. मला फिरवणारा मोटरीचा पट्टा जरा सैल झाला, की पोती भरणारा आत्माराम ओरडे, "ओ सायब, आदी पंखा बघा, नायतर आमी चाललो शेजारच्या कंपनीत!" दुपारपर्यंत नवा पट्टा येई.

मग शेजारच्या दोन कंपन्या बंद पडल्या. गेटवर गर्दी वाढली. तीत अनुभवी माणसेही होती. माझा पट्टा पुन्हा सैल झाला, पण या वेळी कोणी ओरडले नाही. साहेबांनी कोणालाच धमकी दिली नव्हती. तशी गरजच नव्हती. कामगार माझ्या पात्यांतून बाहेरची रांग बघत आणि तोंडावरचा रुमाल आवळत.

डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी मंदा खोकून खोकून वाके. आत्माराम तिला गुळाचा खडा देई.

"गूळ खा नि गप ऱ्हा."

"गुळानं पंखा फिरतो काय, दादा?"

"बाहेर बघ. तुजा दीर पण रांगेत हाय. उद्या तुज्या जागेवर त्यालाच घेतील."

सुपरवायझर मिथुन रोज विचारी, "पंखा ठीक है ना?" सगळे एका सुरात म्हणत, "एकदम ठीक!" मी वर खडखडत असे. मित्रांनो, मला फार चीड येई. माझी खडखड सगळ्यांना ऐकू येत होती, पण ती ऐकू येते असे म्हणायची कोणाची छाती नव्हती. माझा पट्टा बदलता येतो. मंदाची फुफ्फुसे कोण बदलणार?

काल तिचा दीर नवशा रोजंदारीवर आत आला, तिच्याच शेजारी. दुपारपर्यंत त्यालाही खोकल्याची उबळ लागली. मिथुनने नेहमीचा प्रश्न विचारला. खोकला गिळून सर्वांत मोठ्याने नवशाच म्हणाला, "एकदम ठीक, सायब!"

मंदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हातातले फावडे खाली ठेवले आणि तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"ठीक नाय," ती म्हणाली. "पट्टा बदला. तोवर मी पोतं भरणार नाय."